बारावीचं रसायनशास्त्र : एकाच पुस्तकातले तीन विषय

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात, अकरावी सायन्सला रसायनशास्त्रात कशीबशी पास, आणि आता बारावीच्या पुस्तकाची अनुक्रमणिका बघूनच रडवेली झालीय. बारावीला या विषयात असतं तरी काय आणि सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय. मी तालुक्याच्या गावी ज्युनियर कॉलेजात २२ वर्षं हाच विषय शिकवते आहे. माझ्या वर्गात तुमच्या लेकीसारखी मुलं दरवर्षी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात १६ धडे आहेत. तिला ते १६ डोंगर वाटत असतील, पण खरं तर तिथे तीन वेगळे विषय एका पुठ्ठ्यात बांधलेत. पहिले सहा धडे, सॉलिड स्टेटपासून केमिकल कायनेटिक्सपर्यंत, हे फिजिकल केमिस्ट्री, म्हणजे गणिताची वही. सात ते नऊ इनऑरगॅनिक : गट १६, १७, १८ ची मूलद्रव्यं, ट्रांझिशन मूलद्रव्यं (आवर्तसारणीच्या मधल्या भागातले धातू) आणि कोऑर्डिनेशन कंपाउंड्स (मधल्या धातूभोवती इतर रेणू किंवा आयन जोडलेली संयुगं). दहा ते तेरा ऑरगॅनिक, म्हणजे कार्बनची संयुगं. शेवटचे तीन, बायोमॉलिक्यूल्स, पॉलिमर आणि ग्रीन केमिस्ट्री, छोटे आहेत. ते दिवाळीनंतर केले तरी चालतात. या तिन्हींच्या अभ्यासाची रीत वेगळी आहे, आणि मुलं नेमकी इथेच फसतात. सगळं एकाच पद्धतीने पाठ करायला बसतात.

पण त्याआधी अकरावीचं. अख्खी अकरावी परत करायला लावू नका, वर्ष त्यातच जाईल. मोल संकल्पना, ऑक्सिडेशन नंबर, आवर्तसारणीतले कल आणि ऑरगॅनिक संयुगांची नावं, एवढं पंधरा-वीस दिवसांत पक्कं करून घ्या. कसोटी सोपी आहे. तिला विचारा : ४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड २५० मिली द्रावणात आहे, तर मोलॅरिटी, म्हणजे एका लिटर द्रावणात किती मोल? ०.१ मोल, म्हणून ०.४ मोलर, हे तिने न अडखळता सांगितलं तर फिजिकलचा पाया आहे असं समजा.

फिजिकलच्या धड्यांत कल्पना अवघड नसतात. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, बेदाणे पाण्यात टाकले की टम्म फुगतात. सोल्युशन्सच्या धड्यातला ऑस्मोसिस तो हाच. मार्क जातात ते एककांत. अभिक्रिया आपोआप होईल का हे डेल्टा जी सांगतो. तो काढताना डेल्टा एच (उष्णतेतला बदल) किलोज्यूलमध्ये दिलेला असतो आणि डेल्टा एस (एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणातला बदल) ज्यूलमध्ये. समजा डेल्टा एच उणे १० किलोज्यूल, डेल्टा एस उणे २० ज्यूल प्रति केल्विन आणि तापमान ३०० केल्विन. टी गुणिले डेल्टा एस उणे ६००० ज्यूल, म्हणजे उणे ६ किलोज्यूल. डेल्टा एचमधून हे वजा केलं की उत्तर उणे ४ किलोज्यूल, अभिक्रिया आपोआप होणारी. एकक न बदलणारं मूल अधिक ५९९० लिहितं आणि वर ‘होणार नाही’ असा निष्कर्षही काढतं. दरवर्षी मला अशा वह्या दिसतात. दुसरं म्हणजे बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. म्हणून घरीही पहिल्या दिवसापासून लॉग टेबलच हातात द्या. पीएच, नर्न्स्टचं समीकरण, फर्स्ट ऑर्डरची गणितं, सगळीकडे ते लागतं.

इनऑरगॅनिक रुक्ष वाटतं, पण माझ्या मते ते प्रयोगशाळेत शिकायचं आहे. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन घ्या, म्हणजे एक द्रावण थेंबाथेंबाने दुसऱ्यात सोडून किती लागतं ते मोजणं. फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड, त्यात सौम्य सल्फ्युरिक ॲसिड, साधारण ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करून ब्युरेटमधून जांभळं परमँगनेट सोडायचं. पहिला थेंब पडतो आणि रंग जाता जात नाही. मुलं घाबरून माझ्याकडे बघतात. मी म्हणते, हलवत राहा, थांबा. हळूच रंग उडतो, आणि त्यानंतरचे थेंब पडल्या पडल्या नाहीसे होतात. का? अभिक्रियेत तयार झालेला मँगनीज टू आयन स्वतःच उत्प्रेरक होतो. हा झाला कायनेटिक्सचा धडा. मँगनीज अधिक ७ वरून अधिक २ वर आलं, हा ट्रांझिशन मूलद्रव्यांचा धडा. हायड्रोक्लोरिक ॲसिड का वापरत नाहीत? कारण परमँगनेट क्लोराइडचंही ऑक्सिडीकरण करून क्लोरीन करतं, मग रीडिंग जास्त येतं. दोन मोल परमँगनेटला पाच मोल ऑक्झॅलिक ॲसिड लागतं, ही अकरावीची मोल संकल्पना. एका फ्लास्कमध्ये चार धडे! प्रॅक्टिकलचे ३० मार्क वेगळे असतात आणि बहुतेकांना बरे मिळतात, म्हणून मुलं कॉलेजला प्रॅक्टिकल बुडवतात आणि नंतर जर्नल एकमेकांची बघून उतरवतात. तिला तसं करू देऊ नका, कळकळीने सांगते.

कोऑर्डिनेशन कंपाउंड्सला सगळे भितात, पण तो हक्काचा धडा आहे. नावं देण्याचे नियम ठरलेले आहेत. रोज पाच नावं अशी दोन आठवडे लिहिली की भीती जाते.

आता ऑरगॅनिक. शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभिक्रियांची यादी करून भिंतीवर चिकटवायची आणि घोकायची, ही पद्धत मला मान्य नाही. त्याऐवजी मोठा कागद घ्या, मधोमध ॲनिलीन लिहा. ते आलं कुठून? बेंझीनपासून नायट्रोबेंझीन, त्याच्या क्षपणाने ॲनिलीन. पुढे ० ते ५ अंशांना डायझोनियम क्षार, आणि तिथून फिनॉल, क्लोरोबेंझीन, रंगद्रव्यं अशा वाटा फुटतात. प्रत्येक बाणावर अभिकारक आणि तापमान लिहायचं. असे चार-पाच नकाशे तिने स्वतःच्या हाताने काढले की दहा ते तेरा हे धडे एकमेकांत गुंफले जातात. आणि प्रत्येक ठिकाणी ‘का’ विचारायचं. ॲसिटाल्डिहाइडला आल्डॉल अभिक्रिया जमते, बेंझाल्डिहाइडला कॅनिझारो; कारण दुसऱ्याकडे अल्फा हायड्रोजन, म्हणजे आल्डिहाइड गटाच्या लगतच्या कार्बनवरचा हायड्रोजनच नाही. हे एक कारण कळलं की दोन्ही अभिक्रिया लक्षात राहतात.

भाषेचं. माझ्या वर्गात एक हुशार मुलगी ‘रिडक्शन’ शब्दाशी कितीतरी दिवस अडत होती. हायड्रोजन मिळाला, मग कमी काय झालं, असं तिला वाटायचं. मी म्हटलं, अगं, हे तुझं दहावीतलं क्षपण. क्षणात चेहरा खुलला. तुमच्या लेकीला द्रावण, द्राव्य, द्रावक, संयुजा हे सगळं येतंय. फक्त नवी नावं जोडायची आहेत. एक पातळ वही करा, डावीकडे दहावीचा शब्द, उजवीकडे बारावीचा. समजून मराठीत घेऊ द्या, उत्तर मात्र सुरुवातीपासून इंग्रजीत लिहू द्या, तीन-तीन ओळींची का होईना.

लेखी पेपर ७० मार्कांचा, तीन तासांचा. दोन मार्कांच्या बारापैकी आठ आणि तीन मार्कांच्या बारापैकी आठ सोडवायचे असतात, म्हणजे निवडीला भरपूर वाव आहे. सीईटीला मात्र तशी निवड नाही. तिथे रसायनशास्त्राचे ५० प्रश्न, त्यातले साधारण १० अकरावीवर, म्हणून इंजिनिअरिंग किंवा फार्मसीचा विचार असेल तर अकरावीचं पुस्तक रद्दीत देऊ नका.

या आठवड्यात एवढंच करा : वरचं सोडियम हायड्रॉक्साइडचं गणित तिला कागदावर करायला द्या, शेजारी बसून बघा आणि ती नेमकी कुठल्या पायरीला थांबली ते मला इथे लिहा. पुढचं त्यावरून ठरवू.