इंचाला एक तास

दर जानेवारीत, बारावीच्या सराव परीक्षांच्या सुमारास, नाशिकमध्ये समुपदेशक म्हणून बसते त्या माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, पाच वर्षांत बी.एस्सी. आणि एम.एस्सी. दोन्ही डिग्र्या होतात म्हणे. घालावं का तिकडे? आणि मधेच पोरीला नको झालं तर?" विचारणारे सिडकोतून येतात, कॉलेज रोडवरून येतात, ओझरहूनही येतात. मूल हुशार असतं, इंजिनिअरिंगला नाही म्हणतं, फिजिक्स म्हणतं, आणि घरचे हातात पेन घेऊन वर्षं मोजत बसतात. उत्तर एका घराच्या गोष्टीतून देते. त्यांनी परवानगी दिली आहे. नावं आणि खुणा बदलल्या आहेत.

श्रावणीचे वडील अंबडला एका कारखान्यात हीट ट्रीटमेंटला, म्हणजे भट्टीत पोलाद तापवून कडक करायच्या कामावर. पहिल्या भेटीत त्यांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढून टेबलावर सपाट केला. अमेरिकेतल्या एका नातेवाइकाच्या मुलाने बी.एस. आणि एम.एस. मिळून पाचच वर्षांत संपवलं होतं, त्याचा तपशील त्यावर होता.

"तिकडे सहाचं पाच होतं. मग इकडे पाचाचं चार का नाही होणार?"

इथे बहुतेक घरं गोंधळतात, म्हणून आधी हिशेब. अमेरिकेत पदवी चार वर्षांची, पुढे मास्टर्स साधारण दोन. जोडपदवीत चौथ्या वर्षीच मास्टर्सचे काही विषय घेतात, ते दोन्हीकडे धरले जातात आणि वर्ष वाचतं. आपल्याकडे तीन अधिक दोन म्हणजे मुळातच पाच. २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांची पदवी आणि एक वर्षाचं मास्टर्स, तेही पाचच. मूलभूत विज्ञान शिकवणाऱ्या सरकारी संस्थांचंही तेच: आयसरचं बीएस-एमएस पाच, भुवनेश्वरच्या नायसरचं आणि मुंबईच्या सीईबीएसचं इंटिग्रेटेड एम.एस्सी.ही पाच. वर्ष कुठेच वाचत नाही. वाचते ती मधली प्रवेशाची धावपळ: बी.एस्सी.नंतर एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्या, नंबर लागतो का बघा, नाही लागला तर वर्ष घरी. २०२४च्या अखेरीस यूजीसीने पदवी लवकर संपवायची मुभा देऊ केली खरी, पण तीन वर्षांच्या पदवीत जास्तीत जास्त एक सत्र आणि चार वर्षांच्या पदवीत दोन. क्रेडिट तेवढेच, म्हणजे ताटात वाढलेलं तेवढंच, जेवायला वेळ कमी.

हे सगळं मी दोन भेटींत नीट समजावलं. तक्ता काढून दिला. मला वाटलं, काम झालं. तिसऱ्या भेटीला वडील आले, बसले आणि म्हणाले, "ते सगळं कळलं मॅडम. पण चारमध्ये काहीच बसत नाही का?"

माहिती देऊनही माणूस त्याच शब्दांत तोच प्रश्न विचारतो, तेव्हा प्रश्न माहितीचा नसतो, हे मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगते. या वेळी मलाच दोन भेटी उशिरा आठवलं.

मग मी माझं जुनं काम काढलं. मोठा कागद, त्यावर घराचा नकाशा: पुरुषाला चौकोन, बाईला गोल, प्रत्येकात वय. मुलाचा निर्णय एकट्या मुलाचा कधीच नसतो, यावर माझा विश्वास आहे आणि वीस वर्षांत तो ढळलेला नाही. कल चाचणीचे अहवाल मी बघते, पण या कागदाने मला जास्त सांगितलं आहे. मोठा भाऊ, चोवीस. एटीकेट्या सोडवत चार वर्षांचं इंजिनिअरिंग सहा वर्षांत झालं, अजून नोकरीचा पत्ता नाही. आई, सेहेचाळीस. वडील, त्रेपन्न.

"रिटायर कधी होणार?"

"अठ्ठावन्नला."

त्रेपन्न आणि पाच. कागदावरचा आकडा सगळ्यांनी एकदमच वाचला असावा, कारण आईने पदर सारखा केला आणि श्रावणी वडिलांकडे बघायला लागली. पाच वर्षं पोरीच्या डिग्रीला लागणार होती आणि यांच्या पगाराचीही पाचच उरली होती. एकही वर्ष शिल्लक नाही. आणि घरात एकदा चाराचे सहा झालेले. चार वर्षांचा कोर्स ते पोरीसाठी शोधतच नव्हते.

श्रावणी हळूच म्हणाली, "पप्पा, तुम्ही हे बोलला का नाहीत?"

ते खिडकीकडे बघत राहिले. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवणं हे निम्मं काम असतं, आणि ते जमायला मला पहिली दहा वर्षं लागली.

मग मी विषय बदलला असं त्यांना वाटलं. विचारलं, "तुमच्याकडे भट्टीत जॉब, म्हणजे तो पोलादाचा तुकडा, किती वेळ ठेवतात?"

माणूस सावरून बसला. "जाडीवर आहे. ढोबळ हिशेब, इंचाला एक तास. साडेआठशे डिग्री आली म्हणजे झालं असं नाही. सोकिंग लागतं, उष्णता आतपर्यंत मुरू द्यावी लागते. वरून लाल दिसतो, आतून तयार नसतो. काढला आणि तेलात टाकला तर हार्डनेस एकसारखी येत नाही. अख्खा लॉट रिजेक्ट."

"आणि डिस्पॅचवाले घाई करतात तेव्हा?"

"ओरडू द्यायचं."

मला जे हवं होतं ते मिळालं होतं. मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली, हे कबूल करते. पण श्रावणीने माझा सगळा बेत उधळला.

"मग जास्तच वेळ ठेवला तर?"

"तर दाणा वाढतो. जॉब ठिसूळ होतो. मोडला की तोंड खडीसाखरेसारखं चमकतं. चांगल्या जॉबचं तोंड राखाडी, मऊ दिसतं. डोळ्यांनी कळतं."

"दाणा म्हणजे? क्रिस्टल?"

"ते मला नाही माहीत. आम्ही दाणा म्हणतो."

पुढची वीस मिनिटं माझी गरज नव्हती. ती बारावीच्या पुस्तकातली घन अवस्था सांगत होती, ते टेबलावर बोटाने भट्टीची दारं काढून दाखवत होते. ही पोर पहिल्या दिवशी मला ठामपणे म्हणाली होती, "मटेरियल्स सायन्स नको, ते कारखान्याचं असतं. मला प्युअर फिजिक्स." आणि वडिलांनाही पोरगी भट्टीजवळ नकोच होती, पंचवीस वर्षांत त्यांनी घरी कामाचा एक शब्द काढला नव्हता. तेलाच्या वासाचे कपडे बाहेरच्या नळावर धुवायचे, तसं कामही बाहेरच. आणि पोलादाचा दाणा हाच मटेरियल्सचा अभ्यास, एवढंच मी जाताना सांगितलं.

आता पालकांसाठी थोडं. जोडपदवीला घालण्यापूर्वी संस्थेला एक गोष्ट लेखी विचारा: मधेच सोडलं तर हातात काय पडतं? काही ठिकाणी चार वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येतं, प्रत्येकाचे नियम वेगळे. "नको झालं तर" या भीतीचा निम्मा भाग या एका उत्तरात विरतो. दुसरं, विषय नक्की कधी करायचा. आयसरमध्ये सुरुवातीला सगळ्या विज्ञानशाखांचं मूलभूत शिकवतात, कल नंतर ठरतो, शेवटचं वर्ष प्रबंधाला जातं. सतरा वर्षांच्या पोराला हे बरं पडतं. फिजिक्स करून मटेरियल्सकडे वळता येतं, उलट वाट मला जास्त खडतर दिसली आहे. आणि वेगाचं म्हणाल तर क्वांटम मेकॅनिक्स आणि स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स पचल्याशिवाय घनपदार्थांचं भौतिकशास्त्र डोक्यात शिरत नाही. विषय एकमेकांच्या खांद्यावर उभे आहेत, मधला काढता येत नाही.

पैशाचं मात्र वेगळं बोला, आणि मुलासमोर बोला. शिष्यवृत्त्या आहेत, मूलभूत विज्ञानाला जाणाऱ्या आणि बोर्डात वरच्या एक टक्क्यात येणाऱ्यांसाठी केंद्राची इन्स्पायर आहे, वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत. त्या-त्या वर्षीच्या अटी तपासून घ्या. पण आधी घरातला आकडा टेबलावर येऊ द्या. तो लपवला की मूल त्याची जागा स्वतःच्या अंदाजाने भरतं. श्रावणीला तोपर्यंत वाटत होतं, दादासारखी तीही नापास होईल म्हणून पप्पांना कोर्स लवकर संपवायचा आहे.

तिने आयसरचा आणि नायसर-सीईबीएसच्या नेस्ट या प्रवेश परीक्षेचा, असे फॉर्म भरले. नाशिकमध्ये बी.एस्सी.ला प्रवेश घ्यायचीही तयारी ठेवली आणि त्यात कमीपणा नाही हे वडिलांनीच आईला सांगितलं. शेवटच्या भेटीला तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन मोडके तुकडे आणले होते. एक खरंच खडीसाखर. दुसऱ्यावर बोट फिरवलं तर करड्या मखमलीसारखा.

पंधरा दिवसांनी वडिलांचा फोन आला. संस्थेचं उत्तर लेखी आलं होतं, चार वर्षांनी बाहेर पडता येत होतं. मी अभिनंदन केलं. ते थांबले.

"मॅडम, एक तास माझा एकट्याचा मिळेल का? अठ्ठावन्ननंतरचं जरा बघायचं होतं."

शनिवारी सकाळची वेळ दिली. त्या आठवड्यात त्यांची सेकंड शिफ्ट होती.