आधी घागरी मोज

लेकरा,

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि झोप गेली ती गेलीच. तू पाठवलेला वहीच्या पानाचा फोटो मी मोठा करून करून पाहिला. घरामागचा एक गुंठा, त्यात आखलेले वाफे, तीन रंगांच्या पेनांनी लिहिलेली 23 नावं. टोमॅटो आहे, ढोबळी मिरची आहे, मे महिन्यात कोथिंबीर आहे. कोणत्या ओळीत किती इंचांचं अंतर तेही आहे. पाण्याचं मात्र एक अक्षर नाही. आणि आता होळी होऊन चार दिवस झाले नाहीत तर बोअर वीस मिनिटांत गुळण्या टाकायलाय, रोपांनी माना टाकल्यात, बाबा म्हणतात मोडून टाक, मैत्रीण म्हणते टँकर मागव. आणि तू मला विचारतेस, "मावशी, माझं काय चुकलं?"

बी आधी आणलंस आणि पाण्याकडं नंतर पाहिलंस, एवढंच चुकलं. आधी घागरी मोजायच्या, मग बी हातात घ्यायचं. हे मी तुला दिवाळीत आपल्या ओसरीवर बसून सांगितलं होतं. तू हो हो म्हणालीस आणि मोबाईलमध्ये बाग बघत राहिलीस.

चल, आता तरी मोजू. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, म्हणजे 101 चौरस मीटर धर. एका चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाणी म्हणजे एक लिटर. चैत्र-वैशाखात आपल्याकडच्या उन्हात उघड्या वाफ्याला दिवसाला सहा मिलीमीटर तरी लागतं, वारं सुटलं तर जास्तच. म्हणजे तुझ्या सगळ्या गुंठ्याला रोजचे 600 लिटर. आपली घागर 15 लिटरची. रोजच्या 40 घागरी झाल्या, लेकरा! तुझ्या घरात चार माणसं प्यायला, रांधायला, धुवायला मिळून तेवढं वापरत नाहीत. ती वही आखताना हा एक गुणाकार केला असतास तर काल रडायची वेळ आली नसती.

आता तुझ्याकडं खरोखर आहे किती ते बघ. स्लॅबवरचं पावसाचं पाणी साठवायला बाबांनी 5000 लिटरची बंद टाकी केलीय, ती भरलेली आहे असं तू म्हणालीस. म्हणजे 333 घागरी. 1 मार्च ते 8 जून, मृग निघेपर्यंत, बरोबर 100 दिवस होतात. टाकीतून रोजच्या तीन घागरी. चौघांच्या अंघोळीचं पाणी मोरीतून वाया जातं, ते धरलंस तर चार घागरी. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेलं आणि हात धुण्याचं मिळून दोन. झाल्या नऊ. कपड्यांच्या पावडरीचं पाणी यात धरू नकोस, त्यानं काळी माती चोपडी होते आणि मुळं गुदमरतात. बोअर तर धरूच नकोस. आपल्या खाली काळा पाषाण आहे, त्याच्या भेगांत मावेल तेवढंच पाणी असतं. ते उपसलं की खाली दुसरा समुद्र नाही.

नवातल्या दोन घागरी बाजूला काढायच्या. एक पाखरं आणि वासरासाठी, एक दाराशी येईल त्याच्यासाठी. ही दुसरी घागर का, ते मला तुला सांगायलाच हवं. आजवर मी हे तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही.

2016 चा फाल्गुन. पुढच्याच महिन्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, दहा डब्यांतून पाच लाख लिटर पाणी. तुला तेव्हा टीव्हीवर पाहिलेलं आठवत असेल. आमच्या गावात हातपंपावर रात्री दोन वाजता नंबर लागायचे. आमचा बोअर तेवढा अजून चालू होता, दिवसातून अर्धा तास. आणि मी काय केलं असेल? मागच्या अंगाला टोमॅटोची 60 झाडं लावलेली. 2014 च्या मार्चात गारपिटीनं माझं सगळं परस झोडपलं होतं, 2015 ला पाऊस रुसला होता. तिसऱ्या वर्षी तरी मला घरचे टोमॅटो हवे होते. बाजारातून भाजी आणायची नाही, हा माझा हट्ट होता आणि त्याचा मला अभिमान होता.

समोरच्या घरची बाई दुपारी घागर घेऊन आली. म्हणाली, "बाई, एवढी एक भरून द्या, घरी पाहुणे आलेत." मी म्हणाले, "पाणी आलं की देते." मागं टोमॅटोत नळी सोडलेली होती. दुपारची सामसूम, वाऱ्याची झुळूक नाही. नळीचा आवाज मला ऐकू येत होता, म्हणजे तिलाही येतच होता. ती उंबऱ्यापाशी क्षणभर थांबली, "बरं" म्हणाली, आणि रिकामी घागर कमरेवर घेऊन गेली. तिच्या घागरीला बुडाशी एक पोचा होता. मला तो अजून दिसतो.

त्यानंतर चौथ्या दिवशी बोअरनं नुसती हवा फेकली. पाडव्याला टोमॅटोची सगळी फुलं जमिनीवर होती. आणि पाणी असतं तरी ती गळालीच असती! पारा 35 च्या वर गेला आणि रात्री तापल्या की टोमॅटोचं फूल धरत नाही, हे मला नंतर कळलं. म्हणजे जे येणारच नव्हतं त्याच्यासाठी मी एका बाईला रिकामी परत पाठवली. ती मला त्यावर आजपर्यंत एक शब्द बोलली नाही. दरवर्षी कैऱ्या आणून देते.

म्हणून टँकरचं नाव माझ्यापुढं काढू नकोस. टँकर काही ढगातून उतरत नाही. आपल्याच शिवारातली कुणाची तरी विहीर उपसून तो येतो आणि त्या विहिरीच्या खालच्या अंगाला कुणाचा तरी आड आटतो. विकतच्या पाण्यावर पिकवलेल्या दुधीला घरचा दुधी कसं म्हणायचं? स्वयंपूर्ण हा शब्द तू वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहिलास. मग तो पाण्यापासून सुरू कर.

उरल्या सात घागरी. भर उन्हाळ्यात एका आळ्याला रोज अर्धी घागर पुरते, तीही आळं झाकलेलं असेल तर. म्हणजे चौदा आळी. गुंठ्यातली चौदा आळी, बाकी जमीन उन्हात तापू दे. तापणं जमिनीला चांगलं असतं, हुमणी अळी आणि तणांचं बी थोडंफार कमी होतं. मी स्वतः चौदाच करते. चार वेलांची, तीन भेंडीची, तीन गवारीची, दोन मिरचीची, एक तांदुळजाचं आणि एक फक्त बियाण्यासाठी. भेंडी-गवारीला तुला आता उशीर झालाय, पण अगदी गेलेलं नाही. रात्रभर बी भिजव आणि उद्याच टोच. ढोबळी मिरची उपटून टाक. हो, उपट. जीव गुंतलाय मला माहीत आहे, तरी उपट.

आळ्यावर सोयाबीनचं भुसकट चार बोटं जाड पसर, पण बुडापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवी थेट देठाला लागते. थोडी निंबोळी पेंड मातीत मिसळ. पश्चिमेच्या बाजूला तुराट्यांची ताटी उभी कर आणि तिच्यावर आईचं जुनं लुगडं बांध. दुपारी दोननंतरचं ऊन तेवढं अडलं तरी पुरे. वेलांच्या दोन आळ्यांच्या मधोमध एक माठ गळ्यापर्यंत पूर, कच्चा माठ हवा, रंग किंवा चकाकी नको. तोंडावर झाकणी ठेव. माती आपल्याला हवं तेवढं पाणी त्याच्या अंगातून ओढून घेते, तीन-चार दिवसांनी एकदा भरायचा. माझे माठ दहा वर्षांचे आहेत. दर पावसाळ्यात काढून घासते, कारण क्षारांनी त्यांची छिद्रं बुजतात.

परवा तू म्हणालीस की दुधीला फुलं येतात आणि बारका दुधी पिवळा पडून गळतो, कोणतं औषध मारू? औषध कसलं मारतेस! ऊन वाढलं की वेलाला नरफुलं जास्त येतात आणि मादीफुलापर्यंत पराग पोचत नाही. दुधीचं फूल दिवेलागणीला उमलतं, तेव्हा जा तिथं. ज्या पांढऱ्या फुलाच्या मागं बोटाएवढा लवदार दुधी दिसेल ती मादी. नुसत्या लांब दांडीवरचं ते नर. नरफूल खुड, त्याच्या पाकळ्या मागं मुडप आणि मधला पिवळा दांडा मादीच्या फुलात हलकेच टेकव, तीनदा फिरव. हाताला पिवळी भुकटी लागेल. तिसऱ्या दिवशी बघ, लव चकचकीत हिरवी राहिली आणि देठ जाड झाला तर धरलं. रोज संध्याकाळी पाच मिनिटांचं काम आहे. मला दिवसातली हीच वेळ सगळ्यात आवडते. घरात कुणी कितीही हाका मारल्या तरी मी त्या पाच मिनिटांत उठत नाही.

तुला वाटेल, चौदा आळ्यांत चार माणसांचं काय भागणार? नाहीच भागत. उन्हाळ्याचं जेवण उन्हाळ्यात पिकत नाही, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. पौषात हरभऱ्याचे शेंडे खुडून माळवदावर वाळवायच्या, मेथी वाळवायच्या, गवार चिरून वाळवायच्या. फाल्गुनात सांडगे, खारोड्या. आपल्याकडं उन्हाळ्यात एकच गोष्ट फुकट आणि अमाप आहे, ती म्हणजे ऊन. त्याच्याशी भांडून कोथिंबीर जगवण्यापेक्षा त्याला कामाला लाव. तुझ्या वहीत वाळवणाचं एक पान नाही. यंदा हरभऱ्याची वेळ गेली, पण शेवगा लागलाय ना? कोवळा पाला सावलीत वाळवून ठेव, आमटीत चिमूटभर टाकायला होतो.

आणि बियाण्याचं आळं विसरू नकोस. भेंडीत मी परभणी क्रांती सोडून दुसरी लावत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठानं 1985 साली ती आणली, केवड्याला तोंड देणारी म्हणून. उन्हाळ्यात पांढरी माशी वाढते आणि भेंडीची पानं पिवळ्या जाळीची होतात, तोच केवडा. ही सरळ वाणाची भेंडी आहे, तिचं बी धरता येतं. तू आणलेल्या चकचकीत पाकिटातलं संकरित बी धरून ठेवलंस तर पुढच्या वर्षी प्रत्येक झाड वेगळं निघेल. जे झाड सगळ्यात निरोगी, त्याच्या पहिल्या चांगल्या शेंगा खायच्या नाहीत. जीव खालीवर होतो, पण हात आवरायचा. झाडावरच वाळून तडकायला लागल्या की काढायच्या आणि राखेत घालून ठेवायच्या.

माझ्याच घरात मला हट्टी म्हणतात, ते तुझ्या कानावर आलंच असेल. लेकानं परसात ठिबक बसवून दिलं, ते मी दुसऱ्या वर्षी काढायला लावलं. ठिबक वाईट नाही, आमच्या शेतात आहे आणि त्याच्यामुळंच ऊस सोडून दुसरं काही उभं आहे. पण परसात नळी आली की चावी फिरवली आणि झालं, घागर उचलायचा हात राहत नाही, आणि उचलली नाही तर मोजणार कोण? लेक म्हणतो, "आई, तू अजून 2016 मध्येच राहतेस." राहते. मी नाही राहायचं तर कुणी राहायचं? पाऊस बरा झाला की दोन वर्षांत सगळे विसरतात. 2018 ला पाऊस पुन्हा दगा देऊन गेला. पुढच्या उन्हाळ्यात गावात टँकर फिरत होता, तेव्हा माझ्या ताटात रोज एक हिरवी भाजी होती आणि समोरच्या दारात रोज एक घागर जात होती. मी स्वतः नेऊन ठेवायचे, ती मागायला यायच्या आत. याला कुणी कंजुषी म्हणो, कुणी वेड म्हणो. लेकाला हे पटत नाही, तुझ्या काकांनाही पटत नाही. तुला पटावं असं मला फार वाटतं, म्हणून काल मी तुझ्यावर चढ्या आवाजात बोलले. त्याचं मनावर घेऊ नकोस. आवाज चढला तो तुझ्यावर रागावून नाही. तू आता चोवीस वर्षांची आहेस. मला हे कळलं तेव्हा मी पन्नाशीला आले होते.

शनिवारच्या सकाळच्या एसटीनं येते. पुरायला दोन माठ आणि परभणी क्रांतीची मूठभर बी आणते. मोरीचं पाणी वळवायला बाबांना एक पाइप आणून ठेवायला सांग, मी सांगितलं म्हणाव. तोवर चार दिवस अंघोळीचं पाणी बादलीत धर आणि रोज किती घागरी भरल्या ते वहीच्या शेवटच्या पानावर लिही. मी आल्याबरोबर पहिलं ते पान बघणार आहे. स्वयंपाकाची धावपळ नको. हरभऱ्याची वाळवलेली भाजी डब्यात घेऊन येते, तू फक्त भाकरी टाक.

तुझी,
मावशी