फुलांचे ठसे आणि प्लॅस्टरवरची भोकं

प्रश्न : बागेतली फुलं-पानं शाडूच्या थरावर दाबून मी पीओपीच्या छोट्या फरश्या ओतते. फुलं आधी महिनाभर वहीत वाळवून घेते. पण मातीतून काढताना त्यांचा चुरा होतो आणि तुकडे प्लॅस्टरला चिकटून येतात. पाकळ्यांवर बारीक भोकंही पडतात. मातीला तेल लावावं का? कासची फुलं वापरली तर चालतील का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, महिनाभर वाळवलेलं फूल शुभेच्छापत्रावर लावा, मातीवर नको. कोरडी पाकळी ओल्या शाडूतलं पाणी ओढते, लिबलिबीत होते आणि चिमट्यात धरली की तुटते. फूल सकाळी तोडा, रद्दीत घालून वजनाखाली दोन-तीन तास ठेवा. तेवढं पुरे. फुगीरपणा जातो, लवचिकपणा राहतो.

सांगलीत शाळेत चित्रकला शिकवत होते तेव्हा या तासाला प्रत्येक मुलाला जास्वंदच हवी असायची. ती मातीवर बुळबुळीत होते आणि ठसा उठतो चुरगळलेल्या रुमालासारखा! त्यापेक्षा शेवग्याची डहाळी, कढीपत्ता, नेचा, तगर, सदाफुली घ्या. आघाड्याचा तुरा तर फार सुंदर उठतो, आणि कुंपणाकडेला फुकट मिळतो. झेंडूचा हट्टच असेल तर ब्लेडने उभा अर्धा कापा. पान ठेवताना शिरांची बाजू मातीकडे. लाटणं एकदाच दाबून फिरवा. दुसऱ्यांदा फिरवलंत की पान सरकतं आणि रेघा दुहेरी येतात. राहिलेले तंतू सुईने उचला.

तेल अजिबात नको. ओल्या मातीला प्लॅस्टर चिकटत नाही, तेलाने मात्र बारीक शिरा बुजतात.

भोकं पडतात ती कालवण्यामुळे. पावडरीवर पाणी ओतू नका, पाण्यावर पावडर भुरभुरवा. एका वाटीला साधारण दोन वाट्या लागते. पाण्यावर कोरडे ढीग दिसू लागले की थांबा, मिनिटभर भिजू द्या, मग तळापासून सावकाश हलवा. पहिला पातळ थर मऊ ब्रशने ठशांवर टेकवा, बाकीचं कडेने ओता आणि पाटाला खालून टिचक्या मारा, बुडबुडे वर येतात. पावडर मात्र घट्ट झाकणाच्या डब्यातली हवी. तुमच्याकडच्या पावसात उघडी पिशवी हवेतला ओलावा पिते, मग फरशी ठिसूळ होते.

साधारण अर्ध्या तासाने माती सोलून काढा. घट्ट होताना प्लॅस्टर चांगलंच तापतं, मुलांना त्यात हात रोवून ठेवू देऊ नका. उरलेलं मोरीत तर मुळीच नको, ते पाण्याखालीही दगड होतं.

कासचं म्हणाल तर नाही. ते पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि तिथे फुलं तोडायला मनाई आहे. तसंही तिथली ‘सीतेची आसवं’ ही फुलं इतकी चिमुकली, की शाडूवर त्यांचा धड ओरखडाही उठायचा नाही. तेरडा आवडत असेल तर घरच्या कुंडीतला घ्या. पाकळी रसाळ असते, तेव्हा लाटणं जरा हलक्या हाताने.