गिझर गळतोय, आणि मुदतही

निपाणीहून एका ताईंचं पत्र आलंय. विड्या वळून घर चालवतात. ६ जानेवारी २०२४ ला कोल्हापुरातून ७,२०० रुपयांचा गॅस गिझर घेतला, वॉरंटी एक वर्षाची. १४ डिसेंबरला कॉइलमधून पाणी गळायला लागलं. त्याच दिवशी कंपनीकडे फोनवर तक्रार नोंदवली. चार दिवसांनी माणूस आला, 'कॉइल गेली, पार्ट मागवतो' म्हणाला आणि गेला तो गेलाच. फेब्रुवारीत दुकानदारानं सांगितलं, वॉरंटी संपली, २,८०० रुपये पडतील. तेव्हापासून फोनाफोनी सुरू आहे. आता विचारतात, आधी वकिलाची नोटीस पाठवू का, आणि केस कोल्हापूरला जाऊन करावी लागेल का?

थंडीची चाहूल लागली की अशी पत्रं येतातच. वस्तू वेगळी, बाकी गोष्ट तीच.

ताई, तुमचा हक्क काय हे समजावण्यात वेळ घालवत नाही, कारण वेळच उरलेला नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ६९ म्हणतं, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या न्यायमंचाकडे, तक्रार दाखल झाली पाहिजे. नकार फेब्रुवारी २०२५ मध्ये मिळाला, तिथून मोजा, असं म्हणता येईल. मीही म्हणेन, पण त्यावर विसंबणार नाही. गळती लागली तोच दिवस धरा. दोन वर्षं १४ डिसेंबर २०२६ ला भरतात. तो सोमवार. आदल्या दिवशी रविवार, त्याच्या आधी दुसरा शनिवार. तेव्हा तुमच्यासाठी शेवटची तारीख शुक्रवार, ११ डिसेंबर.

फोन केले, 'बघतो, करतो' ऐकून घेतलं, नोटीस पाठवली, यातल्या कशानंही ही मुदत पुढे सरकत नाही. उशीर माफ करायचा अधिकार आयोगाला आहे, पण त्याला सबळ कारण लागतं. 'दुकानदार आज-उद्या करत होता' हे कारण ऐकून माझे कान किटलेत, आयोगाचेही किटले असणार. नोटीस कायद्यानं सक्तीची नाही. पाठवायचीच तर साध्या कागदावर स्वतः लिहा, दुकानदार आणि कंपनी दोघांना स्पीड पोस्टानं धाडा, पंधरा दिवस द्या, पावती जपा. त्यात दुकानदार नरमला आणि निम्म्या पैशात कॉइल घालून देतो म्हणाला, तर मी तुमच्या जागी घेऊन मोकळा होईन. मात्र बोलणं लेखी हवं.

कोल्हापूरला जायचं कारण नाही. नव्या कायद्यात तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, म्हणजे तुम्ही बेळगावला. आपल्या सीमाभागातल्या माणसाची सोय कायद्यानं क्वचितच पाहिलीय, ही एक घ्या पदरात पाडून. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी शून्य आहे. वकील लागतोच असं नाही. हवा असेल तर बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातल्या कायदे सेवा समितीत चौकशी करा.

आता पुराव्याचं. तुम्ही पाठवलेल्या बिलाच्या फोटोत कागद पांढराफटक, कोपऱ्यात फक्त '७,२' दिसतंय. त्या गुळगुळीत कागदावरची शाई उडते हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी झेरॉक्स कुणी काढत नाही! पैसे फोनवरून दिले असतील तर बँकेचा उतारा घ्या. १४ डिसेंबरचा तक्रार क्रमांकाचा एसएमएस पुसला नसेल अशी आशा करतो, कारण वॉरंटी ५ जानेवारीला संपली आणि तक्रार त्याआधीची आहे हे त्याच्यावरच ठरेल. कंपनीच्या माणसानं कागदावर 'कॉइल लीक' लिहून दिलं होतं का? असेल तर सोन्यासारखं जपा. नसेल आणि दोषावरून वाद झाला, तर वस्तू प्रयोगशाळेत पाठवायची वेळ येऊ शकते, आणि त्या तपासणीची फी आयोग तक्रारदाराला भरायला लावू शकतो. सात हजारांच्या वस्तूसाठी ते अंगाशी येईल.

बोअरच्या क्षारी पाण्यानं कॉइल गेली, असं कंपनी म्हणेलच. त्याचं काय होईल ते वॉरंटी कार्डावरचा बारीक मजकूर वाचल्याशिवाय मला सांगता येणार नाही. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच. त्या आकड्यावर भरवसा ठेवून पाहुण्यांना गरम पाण्याचं आमंत्रण देऊ नका. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्यामानानं तुमचं लवकर होईल.

आणि गल्लीतला मेस्त्री तीनशे रुपयांत डाग मारून देतो म्हणालाय, त्याला हात लावू देऊ नका. परक्यानं उघडला की कंपनीला आयतं कारण मिळतं. शिवाय अर्धवट जळणाऱ्या गॅसचा विषारी धूर बंद न्हाणीत वासानंही कळत नाही. गिझर उतरवून पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा, भंगारात घालू नका. तोवर चुलीवरचं पाणी.