कोश इंग्रजाने का केला?

प्रिय मनू,

काल झोपताना तू विचारलंस, "आई, मराठीचा एवढा जाडजूड शब्दकोश इंग्रजाने का केला? आपल्या लोकांना येत नव्हता का?" डोळे मिटत होते तुझे, म्हणून आता लिहिते.

येत होता रे. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि सारावसुलीला, न्यायनिवाड्याला इंग्रजांना मराठीची गरज पडली. मोल्सवर्थ हा त्यांच्या फौजेतला अधिकारी. कोशाचं काम त्याने हाती घेतलं, पण शब्द पुरवायला आणि अर्थ पारखायला बसले ते आपले शास्त्री. जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि त्यांच्या सोबत्यांचा मराठी-मराठी कोश 1829 मध्ये छापून निघाला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला 1831 मध्ये. मोल्सवर्थचे उपकार मी मानतेच. म्हणी, वाक्प्रचार, बोलीतले शब्द त्याने जिवापाड जपले. लोक त्याला 'मोलेसर शास्त्री' म्हणत. पण क्रमवंतांचं नाव तुझ्या कानावर आजवर मीही घातलं नव्हतं, ही चूक माझी.

मला जास्त टोचतं ते पुढचं. मोल्सवर्थच्या कोशाची सुमारे 60,000 शब्दांची दुसरी आवृत्ती 1857 ची. मुंबई विद्यापीठही त्याच वर्षीचं, आणि तिथलं शिक्षण इंग्रजीतून! त्याआधी मुंबई इलाख्यातलं शिक्षण पाहणाऱ्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये यावरून मोठा वाद झाला होता. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे. नाना शंकरशेट म्हणत, सर्वसामान्यांना शिकवायचं तर त्यांच्याच भाषेतून. उच्च शिक्षणात नानांचं चाललं नाही. साहेबाने मराठी शिकायची, आणि मराठी मुलाने विद्या घ्यायची इंग्रजीतून, असा तो न्याय. पुढे मराठी हा विषयही विद्यापीठाच्या अभ्यासातून काढला गेला, आणि त्याला परत जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

मी दहावीपर्यंत मराठी शाळेत होते. अकरावीत शिकवणं इंग्रजीतून, आणि सरांच्या प्रश्नावर मी उठून 'प्रकाशसंश्लेषण' म्हणाले. उत्तर बरोबर होतं, तरी सगळा वर्ग हसला. त्यानंतर कितीतरी दिवस मी हात वर केला नाही.

शनिवारी आपण कोश उघडू. आजीच्या कहाणीतलं 'आटपाट' तू शोध आणि इंग्रजीतला अर्थ मला वाचून दाखव. मग आजीला फोन लावू. तो अर्थ तिला पटतो का, ते तूच विचार, मराठीत.

तुझी,
आई