प्रथिनांचे कुटुंब की कुल?

मुलुंडच्या एक प्राध्यापिका विद्यार्थ्यांसाठी प्रथिनांवर मराठीत टिपणे लिहीत आहेत. त्यांनी विचारले आहे: प्रथिनांच्या ‘फॅमिली’ला कुटुंब म्हणावे की कुल? आणि ‘डोमेन’ला काय?

पहिल्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कुल. कुटुंबात लग्न होऊन आलेली सूनही असते. प्रथिनांची फॅमिली मात्र समान पूर्वजावरूनच ठरते. हिमोग्लोबिन रक्तात, मायोग्लोबिन स्नायूंत, पण दोन्ही ग्लोबिन कुलातली. शिवाय गण, कुल, प्रजाती ही उतरंड शाळेपासून मुलांच्या तोंडी असते. ‘सुपरफॅमिली’ला मग महाकुल सहज जुळते. फक्त ‘कूळ’ लिहू नये. त्याने वाचकाला कूळकायदा आठवतो.

डोमेनचे तसे नाही. गणितात त्याला प्रांत म्हणतात, पण प्रांत ही जागा झाली. प्रथिनातले डोमेन म्हणजे त्याच्या अमिनो आम्लांच्या साखळीचा असा भाग, ज्याची घडी बहुधा स्वतंत्रपणे पडते आणि जो एरवी निराळ्या असलेल्या प्रथिनांतही सापडतो. झिंक फिंगर या डोमेनचेच पाहा. त्याच्या एका मोठ्या प्रकारात दोन सिस्टीन (हे एक अमिनो आम्ल), मध्ये दोन ते चार अमिनो आम्ले. पुढे बारा सोडून दोन हिस्टिडीन (हेही अमिनो आम्लच), मध्ये तीन ते पाच. हे चौघे मिळून जस्ताचा एक आयन धरून ठेवतात. डेटाबेसमधल्या हजारो प्रथिनांच्या अमिनो आम्लांच्या क्रमांत संगणक अशाच खुणा शोधतो. प्रोसाइट हा डेटाबेस अशा खुणा नोंदवतो. पीफॅम हा दुसरा डेटाबेस त्यापुढे जाऊन, एकाखाली एक मांडलेल्या क्रमांवरून कोणत्या जागी कोणते आम्ल किती संभवते याचे संख्याशास्त्रीय प्रारूप बांधतो. दूरचे नातेवाईक त्यामुळेच सापडतात.

सार्क (Src) या प्रथिनात एसएच३, एसएच२ आणि कायनेज अशी तीन डोमेने आहेत. एसएच२ इतर कित्येक प्रथिनांतही आहे, पण तेवढ्यावरून ती सारी सार्कच्या कुलातली होत नाहीत. म्हणून प्रोसाइट, पीफॅम यांच्या नोंदी एकत्र आणणाऱ्या इंटरप्रो या डेटाबेसमध्ये कुल आणि डोमेन या नोंदी वेगळ्या प्रकारांत असतात. हा भेद प्रांत किंवा क्षेत्र या शब्दांनी पुसट होतो, त्यामुळे माझ्या मते ‘डोमेन’च ठेवावे आणि पहिल्या वापराला अर्थ सांगावा.

लिंग नपुंसक: ते डोमेन, ती डोमेने. ‘या प्रथिनात एसएच२ डोमेन आहे’ असे लिहावे. ‘हे प्रथिन एसएच२ कुलातले आहे’ असे नको.