वाचक विचारतात : अर्ध्या तासाचं पाणी पंधरा मिनिटांत का तुटतं?

प्रश्न : सर, तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. मी डिप्लोमा केलाय आणि ड्रिपचे चार व्हॉल्व्ह चालवायला ब्लू पिल बोर्डवर, म्हणजे एसटीएम३२एफ१०३ चिपच्या छोट्या बोर्डवर, फ्रीआरटॉस (एकाच चिपवर अनेक कामं, म्हणजे टास्क, वाटून चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून कंट्रोलर बनवलाय. टायमर २ वरून दर सेकंदाला इंटरप्ट (चालू काम थांबवायला लावणारा इशारा) घेतो आणि सेकंद मोजून अर्ध्या तासानं व्हॉल्व्ह बंद करतो, पण तो पंधरा मिनिटांतच बंद होतोय. क्लॉक ३६ मेगाहर्ट्झ धरून प्रीस्केलर (क्लॉकला भागणारा आकडा) ३५९९ आणि पिरियड (कितीपर्यंत मोजून इंटरप्ट द्यायचा तो आकडा) ९९९९ दिलाय, हिशोब दहा वेळा तपासला. वडील म्हणतात तुझ्या मशिनपेक्षा आपला गडी बरा.

उत्तर : हिशोब बरोबर आहे हो, क्लॉकच चुकीचा धरलाय. बरोब्बर निम्मा वेळ लागतोय हीच त्याची खूण, लूज वायर किंवा नॉइज असता तर रोज वेगळा आकडा आला असता. ही चिप ७२ मेगाहर्ट्झवर पळते आणि टायमर २ ज्या एपीबी१ बसवर (चिपच्या आतल्या जोडरस्त्यावर) बसलाय त्या बसला ३६ च्या वर जायची परवानगी नाही म्हणून तिथं दोनाचा भागाकार लावलेला असतो, आणि सगळे इथंच फसतात, कारण बसला एक सोडून कुठलाही भागाकार लावला की टायमरला मात्र बसच्या दुप्पट क्लॉक मिळतो. म्हणजे तुमचा टायमर ७२ वरच चाललाय. प्रीस्केलर ७१९९ करा, झालं. ७२०० गुणिले १०,००० म्हणजे ७ कोटी २० लाख, एक सेकंद. रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपच्या आकडा ठेवायच्या कप्प्यात, मोजणी शून्यापासून होते म्हणून एक कमी लिहायचा ते तुम्ही आधीच बरोबर केलंय, बरेच जण तिथंही चुकतात, दोन्हीकडं एक जास्त पडला तर अर्ध्या तासात साधारण ०.४ सेकंद फरक पडतो, द्राक्षाला काय कळणार नाही म्हणा. पण चिपच्या आतला आरसी क्लॉक (क्रिस्टलशिवाय चालणारा) वापरत असाल तर तो एक टक्का इकडंतिकडं होऊ शकतो, म्हणजे अर्ध्या तासात १८ सेकंद, म्हणून बोर्डवरचा ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टलच घ्या. आणि कागदावर विश्वास ठेवण्याआधी दर सेकंदाला एलईडी टॉगल करून मोबाईलच्या स्टॉपवॉचशी दहा मिनिटं ताडून बघा.

आता खरं सांगू का, ह्या कामाला हार्डवेअर टायमर लागतच नाही. व्हॉल्व्ह एक मिलिसेकंद उशिरा पडला तर कुणाचं काय बिघडतंय? फ्रीआरटॉसचा सॉफ्टवेअर टायमर घ्या, फक्त त्याच्या कॉलबॅकमध्ये (वेळ झाली की आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये) डीले, म्हणजे थांबायची सूचना, टाकू नका, सगळे सॉफ्टवेअर टायमर एकाच टास्कमधून चालतात, एक थांबला की बाकीचे पण थांबतात. टायमर २ मोकळा झाला की वॉटर मीटरचे पल्स मोजायला लावा, बाहेरून क्लॉक दिला की तो सीपीयूला न विचारता मोजत बसतो.

तुमचा मोठा प्रॉब्लेम वेगळाच आहे, जो तुम्ही विचारलाच नाही. रात्रीची थ्री फेज मध्येच गेली आणि बोर्ड रीसेट झाला की सेकंद परत शून्यापासून. त्यापेक्षा व्हीबॅट (बॅटरीच्या) पिनला सेल लावून ३२.७६८ किलोहर्ट्झच्या क्रिस्टलवर आरटीसी (लाईट गेली तरी चालणारं चिपमधलं घड्याळ) चालवा आणि प्रत्येक व्हॉल्व्हची बंद व्हायची वेळ त्याच सेलवर टिकणाऱ्या बॅकअप रजिस्टरमध्ये लिहून ठेवा. ह्या चिपमध्ये १६ बिटांचे असे १० रजिस्टर आहेत आणि वेळ ३२ बिटांची, म्हणजे चार व्हॉल्व्हला आठ लागतील, दोन उरतात. लाईट आली की आधी ती वेळ वाचायची, मग ठरवायचं.

प्रश्न : साताऱ्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. टायमर ३ च्या इंटरप्टमधून फ्रीआरटॉसच्या क्यूमध्ये (टास्ककडं आकडे पाठवायच्या रांगेत) आकडा टाकतो, इंटरप्टसाठीचं वेगळं फंक्शनच वापरलंय तरी बोर्ड कधी दोन मिनिटांत तर कधी तासाभरानं लटकतो. इंटरप्टची प्रायॉरिटी ० ठेवलीय.

उत्तर : तुझं उत्तर तुझ्या शेवटच्या वाक्यातच आहे. कॉर्टेक्स-एमवर (ह्या चिपमधल्या प्रोसेसरवर) आकडा जितका लहान तितका इंटरप्ट वरचढ, आणि फ्रीआरटॉस एक रेघ ओढतं, बहुतेक प्रोजेक्टमध्ये ती ५ वर असते. ० ते ४ वाल्यांना कर्नल (फ्रीआरटॉसचा गाभा) अडवू शकत नाही, म्हणून ते कर्नल स्वतःची लिस्ट हलवत असतानाच मध्ये घुसतात, आणि त्यांनी तेव्हा क्यूला हात लावला की लिस्टची वाट. कधी लगेच कधी तासानं लटकतं ते त्यामुळंच. प्रायॉरिटी ६ कर आणि कॉन्फिग-असर्ट (फ्रीआरटॉसची आतली तपासणी) चालू ठेव, ते ही चूक पहिल्याच फटक्यात पकडतं. टास्कच्या प्रायॉरिटीचं मात्र उलटं, तिथं आकडा मोठा तो मोठा, हे कुणी असं ठरवलं देव जाणे. आणि क्यूबएमएक्समध्ये (चिपची सेटिंग करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) हॅलचा, म्हणजे चिप कंपनीच्या तयार कोडचा, टाइमबेस सिसटिकवरच (प्रोसेसरच्या स्वतःच्या टायमरवरच) असेल तर दुसऱ्या टायमरवर हलव, सिसटिक फ्रीआरटॉसला लागतो.

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत हळद पॅकिंगच्या मशिनवर स्टेपर मोटर आहे, तिला दर १०० मायक्रोसेकंदाला पल्स पाहिजे. फ्रीआरटॉसचा टिक (सेकंदाला पडणारे ठोके) १००० वरून १०,००० करू का?

उत्तर : नको. सेकंदाला दहा हजार वेळा शेड्युलर (कुठलं टास्क चालवायचं ते ठरवणारा) उठवायचा आणि तरी पल्सची वेळ हलणारच, कारण वरचा इंटरप्ट आला की टास्क थांबणार. टायमर पीडब्ल्यूएम मोडमध्ये टाका, पल्स तो स्वतः काढतो. तासगावच्या भावाला हार्डवेअर टायमर लागत नव्हता, तुम्हाला लागतो. तुमचाही क्लॉक ७२ मेगाहर्ट्झ असेल तर प्रीस्केलर ७१, पिरियड ९९, आणि टिक १००० वरच राहू द्या.